उभ्या उसातली पोर

घाटनांदूरच्या शिवारात ऊस तोडायचं मशीन आलं, त्या दिवशी त्रिंबकनं आपल्या आईचं नेहमीचं वाक्य पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

"माय म्हनती तेच खरं हाय. पहिलंच लई बरं व्हतं."

त्याची बायको सुनिता बांधावर उभी राहून त्या पिवळ्या धुडाकडे बघत होती. पुढं गरगर फिरणारे दोन पेचदार खांब, मागं वर उचललेली लांब सोंड आणि मधे काचेच्या खोलीत बसलेला माणूस. उभा ऊस त्या पेचांत सापडला की आत ओढला जायचा आणि बारीक कांडक्या होऊन सोंडेतून शेजारच्या ट्रॉलीत पडायचा. नवराबायकोनं दिवसभर राबून जेवढा ऊस पाडावा, तेवढा बघता बघता गायब झाला. मागं नुसतं वाळल्या पानांचं पाचट राहिलं.

ही ऊसतोडीची माणसं शिरूर कासारकडची. दिवाळी झाली की कोयते बांधून निघायचं आणि उन्हाळा लागला की परतायचं, हे त्यांचं दर सालचं होतं. औंदा मुकादम शहादेवनं निम्मीच टोळी आणली होती. "मालकानं मशीन सांगितलंय," तो म्हणाला. "पडल्याला ऊस आन् वढ्याकडचा, जितं मशीन जात न्हाई, तेवढाच आपला." मालक म्हणजे विजयसिंह. फाट्यावर ज्याचे हात जोडलेले फलक लागलेले असायचे तो. शिवारातला सगळा चांगला ऊस त्याचाच.

त्रिंबकची आई मंजुळाबाई यंदा सोबत आली होती, ती चार वर्षांच्या नातीला, संस्कृतीला, सांभाळायला. संध्याकाळी झोपडीवजा कोपीपुढं चूल पेटली की म्हातारीच्या गोष्टी सुरू व्हायच्या. तिच्या वेळी बैलगाड्या होत्या. गावाबाहेर पडताना गाड्यांची रांग मोजता यायची नाही. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. शेताचा मालक सकाळी ताकाची घागर धाडायचा. रात्री उसाच्या फडात भजन व्हायचं.

"आता कोन कोनाला इचारतंय?" ती म्हणायची. "आमच्या टायमाला मानूस मानसाला धरून व्हता."

सुनिताला हे ऐकायला आवडायचं. पण त्या संध्याकाळी तेच ऐकताना तिच्या मनात आलं, मागचं बरं होतं म्हणजे पुढचं काय?

"पुढल्या साली आपल्याला कोन बोलवील?" तिनं त्रिंबकला विचारलं.

"कावून इचारायलीस आता? जेव."

पण तो स्वतः जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी टोळीतले पाचसहा गडी मशीनपुढं जाऊन उभे राहिले. त्रिंबक सगळ्यांच्या पुढं. बोलाचाली झाली आणि कुणीतरी भिरकावलेला दगड काचेवर बसला. काच तडकली. मशीन चालवणारा प्रविण खाली उतरला. पंचविशीचा पोरगा, रागानं लाल झालेला.

"माह्यावर कावून दगड फेकायलात बे? मी बी पोटासाठीच आलोय की!"

"तुहं पोट भरायला आमचं फाडतो का?" त्रिंबक ओरडला.

तेवढ्यात विजयसिंहची गाडी आली. तो टोळीशी एक शब्दही बोलला नाही. काच खाली करून त्यानं प्रविणला एवढंच सांगितलं, "उद्यापासून कुनीबी आडवं आलं तरी मशीन थांबवायचं न्हाई. हळूहळू पुढं घ्यायचं. जीव कुनाला नको असतोय? आपोआप बाजूला व्हतेत."

सुनिता मोळी बांधत होती. तिनं ते ऐकलं. मोळीला गुंडाळायचं वाढं, उसाचा हिरवा शेंडा, हातात तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आणि त्रिंबक ओढ्याकडचा आडवा पडलेला ऊस तोडत होते. पलीकडं मोठा फड होता, माणसाच्या दुप्पट उंच ऊस. त्याच्या लांबच्या टोकाला मशीन लागलं होतं. तिथून येणारी घरघर इतकी सारखी होती की आता ती कानाला कळेनाशी झाली होती. मंजुळाबाई संस्कृतीला घेऊन बांधावरच्या बाभळीखाली बसली होती.

ऊन वर आलं तेव्हा म्हातारी लंगडत ओढ्याकडं आली.

"सुने, पोर तुह्याकडं आली का?"

"न्हाई. तुमच्यापशीच व्हती की, आत्या."

"मी पान्याला उठले. तांब्या भरून बघते तर..." म्हातारीनं बाभळीकडं हात केला.

सुनिता बाभळीकडं धावली, मागोमाग त्रिंबक. बाभळीखाली गोधडी होती, अर्धी भाकर होती. तिनं चारी बाजूंनी बघितलं. मोकळ्या रानात पोर असती तर दिसली असती. मग तिला मोठ्या फडाच्या कडेला, एका सरीच्या तोंडाशी, निळं काहीतरी दिसलं. संस्कृतीची चप्पल. एकच.

ती सरी उसाच्या आत सरळ अंधारात गेली होती. आणि त्या अंधाराच्या दुसऱ्या टोकाकडून घरघर येत होती.

"संस्कृतीऽऽ!" त्रिंबकनं हाक मारली आणि तो हातानं पानं बाजूला सारत सरीत शिरला. बघता बघता दिसेनासा झाला. त्याची हाकही दोनदाच ऐकू आली. पुढची घरघरीत बुडाली.

सुनिता आत गेली नाही. आत गेलं तर मशीन आपल्यालाही दिसणार नाही, एवढं तिला कळलं. ती चप्पल उचलून बांधानं पळत सुटली. फड संपता संपेना. पाचटात पाय अडकून ती पडली, उठली, पुन्हा पळाली. एवढ्या मोठ्या फडात पोर कुठंही असेल, असं ती स्वतःला सांगत होती. आणि कुठंही म्हणजे तिथंसुद्धा, हे मागोमाग मनात येत होतं.

ती मशीनसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"थांबव! थांबव रे!"

काचेमागं प्रविणचा चेहरा दिसला. त्यानं भोंगा वाजवला. मशीन थांबलं नाही. हळूहळू पुढं येत राहिलं. तो हातानं बाजूला हो, बाजूला हो करत होता. कालच्या तडकलेल्या काचेतून त्याचं तोंड दोन तुकड्यांत दिसत होतं.

सुनिता ओरडत होती. तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. उसाच्या रसाचा गोड वास आणि जळक्या तेलाची ऊब तोंडावर आली. पेच फिरत होते. पायाखालची जमीन थरथरत होती. अंग म्हणत होतं, सरक. ती सरकली नाही. ती सरकली असती तर मशीन तिच्या मागच्या उसात शिरलं असतं.

मग तिच्या ध्यानात आलं की आपल्या वर केलेल्या हातात कोयता आहे. पळताना तो टाकायचंच राहून गेलं होतं. त्या पोराला काय दिसत असेल? कालचीच भांडणं, आज कोयता घेऊन आलेली बाई.

तिनं कोयता लांब फेकून दिला. दुसऱ्या हातातली निळी चप्पल दोन्ही हातांत धरून तिनं काचेसमोर उंच केली.

मशीन दोन हातांवर येऊन थांबलं, बंद झालं.

एवढी शांतता झाली की कान दुखले. प्रविणनं दार उघडलं.

"काय झालं, मावशी?"

"पोरगी... माही पोरगी उसात गेलीया."

तो खाली उतरला. पण तिच्याकडं आला नाही. तो आधी मशीनच्या तोंडाशी गेला, वाकला आणि त्या पेचांच्या मागं, पात्यांच्या आत बघू लागला. तो काय शोधतोय हे सुनिताला कळलं आणि तिनं डोळे मिटून घेतले. मग तो मागं ट्रॉलीकडं गेला. कांडक्या खालीवर केल्याचा आवाज आला. तो आवाज किती वेळ चालला ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही.

"न्हाई," प्रविण म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "हितं कायबी न्हाई, मावशी. डोळे उघडा."

तो मशीनच्या टपावर चढला आणि कपाळावर हात धरून उसाच्या शेंड्यांकडं बघू लागला. लांबून त्रिंबकची हाक येत होती. वारा नव्हता. सगळा फड स्तब्ध उभा होता.

"तिकडं एक हलायलंय," प्रविण म्हणाला. "तो तुमचा मानूस असंल. आन् हितं... हितं बी हलायलंय. जवळच."

"पोरच असंल!"

"डुकरं बी हायेत या फडात. परवा बघितली म्या." तो जरा थांबला. "तुमी आत व्हा. मी वरून सांगतो. डाव्या अंगानं जा. जोरात जाऊ नका."

सुनिता उसात शिरली. पानांच्या कडा गालावर, मानेवर फिरल्या. पुढं हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. वरून प्रविणचा आवाज येत होता. "अजून पुढं. आता उजवीकडं. थांबा! थांबा, हलायचं बंद झालं."

ती थांबली. समोर काहीतरी श्वास घेत होतं. डुक्कर असेल तर आता अंगावर येईल, असं तिला वाटलं. तरी ती गुडघ्यावर बसली आणि पानं बाजूला केली.

संस्कृती सरीत उकिडवी बसली होती. दोन्ही कान हातांनी दाबून, डोळे घट्ट मिटून. तोंडावर पानांचे रक्ताळलेले ओरखडे. तिला हाक मारली तरी तिनं डोळे उघडले नाहीत. सुनितानं तिला उचललं तेव्हा ती किंचाळली. आई आहे हे कळायला तिला वेळ लागला.

तुटलेल्या उसाची कड तिथून फार लांब नव्हती. पोरीला छातीशी धरून बाहेर पडताना सुनितानं ते अंतर बघितलं आणि पुन्हा तिकडं मान वळवली नाही.

त्रिंबक आला. पोरीला त्यानं सुनिताच्या हातातून घेतलं. प्रविणकडं बघत त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात प्रविणचा मोबाईल वाजला. मालकाचा होता.

"व्हय, बंद हाय," प्रविण म्हणाला. "गरम झालंय, मालक. टाइम लागंल."

संध्याकाळी मंजुळाबाई चुलीपाशी आली नाही. कोपीच्या दाराशी तोंड भिंतीकडं करून बसली. सुनिताच्या मनात राग होता, पण म्हातारीकडं बघून तो बाहेर येईना. शेवटी त्रिंबकच बोलला.

"माय, मनाला लावून घेऊ नगंस. ही मशीनची येळच खोटी. तुह्या टायमाला असं झालंच नसतं."

"झालतं," मंजुळाबाई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं बघितलं.

"तुह्या आधी एक व्हती. कडू नाव व्हतं तिचं. कडूबाई." म्हातारी भिंतीकडंच बघत होती. "गाडीखाली सावलीला निजवली व्हती. मी मोळी बांधायलते. बैल बुजले. चाक..." तिनं हात हलवला. "तुह्या बापानं आन् म्या तिला तितंच फडाच्या कडंला मातीत ठिवली. दुपारून मुकादमानं कामाला लावलं."

त्रिंबक तिच्याजवळ सरकला. "मला कवा सांगितलं न्हाईस, माय."

"कुनालाच न्हाई सांगितलं. घुंगरमाळांचंच सांगत आले. सांगता सांगता मलाच खरं वाटाया लागलं, की तवा समदं बरं व्हतं." ती सुनिताकडं वळली. "तवा बी हेच भ्या व्हतं, सुने. तवा बैलाचं व्हतं, आता मशीनचं हाय. उसात लेकरू आनायचं तेवढं बदललं न्हाई."

सुनितानं मांडीवरल्या पोरीकडं बघितलं. पोर झोपेतही दचकत होती.

"मी हिला घिऊन गावाकडं जाते," ती म्हणाली.

"जोडी मोडल," त्रिंबक म्हणाला. "शहादेव ऐकायचा न्हाई. एकट्या गड्याला कोन ठिवतंय फडात?"

"मोळ्या मी बांधते," मंजुळाबाई म्हणाली. "हात हायेत अजून."

शहादेव आधी ओरडला. म्हातारी किती दिवस टिकेल, आधीच काम कमी आहे, असं बरंच काही बोलला. त्याचं खोटं नव्हतं. सुनिता खाली मान घालून ऐकत राहिली. तिला शहादेवचं भय होतं, म्हातारीच्या कमरेचं भय होतं, पुढल्या सालचं तर होतंच. पण त्या तुटलेल्या कडेपुढं बाकीची सगळी भयं लहान वाटत होती. दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन एस्टीत बसली.

लग्न झाल्यापासून हिवाळ्यात तिनं गाव बघितलं नव्हतं. गल्लीत दाराला दार कुलूप. कुत्री ओळखीनात. तिनं आपल्या घराचं कुलूप काढलं. आत येत्या चार महिन्यांचं एकटेपण होतं आणि त्यापुढं काय होतं ते तिला दिसत नव्हतं. मशीन असेल, ऊस नसेल, कदाचित कामच नसेल.

सकाळी तिनं संस्कृतीची वेणी घातली आणि तिला अंगणवाडीत नेलं. तिथली उज्ज्वलाताई दारात उभी होती.

"मधीच कशी काय आलीस ग? तुमी तर फडावर असता."

"आले," सुनिता म्हणाली. "हिचं नाव घाला. आता ही हितंच ऱ्हानार."

"बरं. बाराला ये न्यायला."

सुनितानं मान हलवली. पोर आत जाऊन बाकीच्या लेकरांत बसली. सुनिता फाटकापर्यंत आली आणि तिथून तिचं पाऊल पुढं पडेना. ती परत फिरली, खिडकीखालच्या भिंतीला टेकून मातीत बसली आणि आतला एकेक आवाज कान देऊन ऐकत राहिली.