नूतनच्या दीर्घिकेतली काडी

पुण्यात खगोलशास्त्रात संशोधन करणारी नूतन सुट्टीत गोंडपिपरीला आली, पण तीन दिवस तिने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं नव्हतं. आज तर जेवणही राहिलेलं, तोंड पार उतरलेलं. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या तिच्या आजीला, बायनाबाईंना, ते बघवेना.

“दाखव त काय हाय ते.”

पडद्यावर काळोखात धुरकट भोवरा होता. दोन हात गोल वळलेले, मधोमध उजेडाची आडवी पट्टी.

“ही दीर्घिका, आजी. तारेच तारे. मीच पहिल्यांदा पाहिली. हिचा उजेड अकरा अब्ज वर्षांआधी निघाला.”

“अन् तुले भेटाले इथंलोक आला? मंग तोंड काऊन पाडून बसली?” बाईंनी पदराचं टोक थुंकीने ओलं करून पट्टी खसाखसा घासली. “मधात काडी हाय, पाह्य. पुसत नाई का कधी?”

“त्या काडीचंच त भांडण हाय! इतक्या जुन्या दीर्घिकेत अशी पट्टी सहसा नसते. माझे गाईड सर म्हणतात, कॅमेऱ्याचा डाग असंल. संध्याकाळलोक खरी दाखव, नाईतर ही दीर्घिकाच शोधलेखातून काढून टाकू.”

काढून टाकू! बायनाबाईंच्या नातीने शोधलेलं काढणारा हा कोण? पण भांडायला सर समोर नव्हते. त्या चरफडत सुपाकडे वळल्या. तांदळात काडी दिसली. चिमटीत काही येईना, तशी त्यांनी मान तिरपी केली. काडीही तिरपी झाली.

“हत्! चष्म्याचाच ओरखडा.”

“कसं कळलं तुले?”

“चष्म्याची रेघ मानेसंगं फिरते. तांदळातली काडी जागची हालत नाई. एवढी शिकली अन् हे कोणी सांगतलं नाई?”

नूतन ताडकन ताठ बसली. गेल्या वर्षी दुसऱ्या चमूने आकाशाचा तोच तुकडा तीच दुर्बीण तिरपी धरून टिपला होता. तिने ते चित्र शोधलं, दिशा जुळवून पहिल्याशेजारी ठेवलं. कॅमेऱ्याचा डाग असता तर इथे वाकडा झाला असता. पट्टी होती तिथेच होती.

“खरी हाय, आजी!”

“मी कधी खोटी म्हटली?” मघाशी थुंकीने पुसत होत्या, ते बाई साफ विसरल्या.

चित्रं पाठवली आणि अर्ध्या तासात सरांचा फोन आला. दीर्घिका लेखात राहणार होती, नूतनच्या नावासकट. ही युक्ती कुणाची, असं त्यांनी विचारलं.

“घरच्या एका ज्येष्ठ तज्ज्ञांची,” नूतन हसू दाबत म्हणाली.

तज्ज्ञांनी फोन हिसकावला. “सर, खरी निघाली ना? मंग आता पोरीले जेवू द्या.”