फ्लेक्सवरची कॅप्टन

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तो मी. मुलगी अजून विमान चालवायला शिकतच होती आणि मी कासारवाडीच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लावून मोकळा झालो. ‘कॅप्टन दीक्षा यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून माझ्या अख्ख्या शिफ्टची नावं. तीस वर्षं कंपनीत प्रेस मशीन चालवली, हजेरीपटाबाहेर माझं नाव कुठं छापून आलं नव्हतं. हौस दांडगी, दुसरं काय!

कुणीतरी तिला फ्लेक्सचा फोटो पाठवला. ट्रेनिंगच्या होस्टेलवरून तिचा लगेच फोन आला.

“पप्पा, ते कॅप्टन काढा ना. मी अजून शिकतेय. आडवा वारा असला की उतरताना माझं विमान उसळतं. एकटीनं उडायच्या आधी थोडे दिवस सरांसोबत सराव करावा म्हणते.”

“अगं, लोकं रोज विचारतात, पोरगी एकटी उडाली का म्हणून. लावलेला फ्लेक्स उतरवला तर हसतील मला.”

ती म्हणाली, “बरं, बघते.”

सोमवारी तिनं सरांना सांगितलं, मी तयार आहे. त्यांनी दोनदा विचारलं, ती दोनदा हो म्हणाली. हे सरांनीच घरी येऊन सांगितलं, मान खाली घालून. उतरताना आडवा वारा आला. विमान धावपट्टीवर आपटून उसळलं, पुन्हा आपटलं आणि उलटं झालं. दवाखान्यात नेईपर्यंत माझी पोरगी गेली होती. सर स्वतःलाच दोष देत होते. मी त्यांना कुठल्या तोंडानं बोलणार? घाई मी केली होती. ते आठवलं की जगणं नकोसं होतं.

आज सकाळी फ्लेक्सवाला सिद्धेश आला. रविवारी तिच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे, त्याचा फ्लेक्स करायचा होता. तो दारातच उभा राहिला.

“काका, फोटो तोच ठेवू? माझ्याकडं आहे.”

“तोच ठेव.”

“आणि नाव? कॅप्टन दीक्षा, असंच?”

आत तिच्या आईचं रडणं थांबलं. त्या दिवशीचा फोन तिनंही ऐकला होता.

“कॅप्टन काढ, बाळा,” मी म्हणालो. “तिनं सांगितलंय. ती अजून शिकतेय.”