शून्य चाचण्या, सर्व उत्तीर्ण

वर्गात तिला शंकासुर म्हणत. विभागप्रमुख सरांचा फतवा होता की, कोणत्याही खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आपला एक बदल शुक्रवारपर्यंत स्वीकारला गेला पाहिजे, अन्यथा वर्ष वाया. बाकीच्यांनी माहितीपत्रकांतले स्वल्पविराम इकडचे तिकडे केले आणि ज्ञानसेवेचे पुण्य पदरात पाडून घेतले. हिने मात्र सॉफ्टवेअर तपासणारे साधनच निवडले. विभागाचे यंत्रही त्याच साधनाने मुलांचे प्रकल्प तपासून गुण देई.

तीन महिने त्या साधनाचा कोड वाचून तिने त्यात एक दुरुस्ती लिहिली. सोबत अकरा चाचण्या, सरांच्या नमुना प्रकल्पातल्यासारख्याच फोल्डरात मांडलेल्या. सर्व हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण. सोमवारी सवयीप्रमाणे शंका आली, म्हणून तिने आपलीच दुरुस्ती मुद्दाम मोडून पाहिली. तरीही सर्व हिरव्या. चाचण्यांचे फोल्डर अशा जागी होते, जिथे साधन बघतच नव्हते. त्याला एकही चाचणी सापडली नव्हती, आणि त्याने शांतपणे 'सर्व उत्तीर्ण' असे जाहीर केले होते.

"तोंड पाडून का बसलीस?" ताईने विचारले. ताई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासत असे.

"अकरा चाचण्या पास होत्या. चालली एकही नव्हती."

"म्हणजे नळीत रक्तच नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल?"

"फोल्डर मीच चुकवलं, ताई."

"माणूस चुकणारच गं. आमचं यंत्र रिकामी नळी दिसली की बोंब मारतं. तुमचं अभिनंदन करतं."

तिने तीन महिन्यांचे काम बाजूला ठेवले आणि सहा ओळी लिहिल्या. एकही चाचणी न सापडल्यास तसे सांगावे आणि नापास करावे. हे आपल्याला कसे कळले, तेही तिने लाज न बाळगता लिहिले.

गुरुवारी साधन सांभाळणाऱ्या गृहस्थांचे उत्तर आले. चेहऱ्याच्या जागी ते किटलीचे चित्र लावत. "सात वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही? स्वीकारलं." त्याच दिवशी नवी आवृत्ती निघाली.

शुक्रवारी सकाळी विभागाच्या यंत्राने ती आपणहून उतरवून घेतली. बासष्टपैकी एकेचाळीस प्रकल्प लाल झाले. यादीत पहिला होता सरांचा नमुना प्रकल्प. बाकी चाळीस त्याची इमानदार नक्कल होते.

सरांनी तिला बोलावले.

"हा बदल तुझा?"

"हो, सर."

"मागे घेता येईल?"

"विनंती करता येते. कारण लिहावं लागतं."

"मग लिही ना."

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "'आधी सगळे पास होत होते', असं लिहू?"

 सरांनी बदलाच्या नोंदीसाठी तिने भरलेला अर्ज ओढला, 'स्वीकृत' या शब्दापुढे सही केली आणि 'बदलाचा उपयोग' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले: अद्याप आढळून आलेला नाही.