न घासलेली कड

मी पत्र्याची पट्टी बोलतेय. वीतभर लांब, कमरेत बारीक. हसू नका, चाचणीच्या पट्टीची कंबर मुद्दामच बारीक ठेवतात. तुटायचं तर तिथंच तुटावं म्हणून.

भट्टीतून निघाले, लाटली गेले, गुंडाळीत बसले. माझी भावंडं मोटारीत चाक धरून ठेवायला गेली, मी प्रयोगशाळेत आले. इथलं यंत्र आम्हांला दोन्ही टोकांनी धरतं आणि ताणतं, सोडतं, ताणतं, सोडतं. एकदा ताणून सोडलं की एक फेरी. एका झटक्याला आम्ही दाद देत नाही. पण लाखो वेळा तेच झालं की पोलादही थकतं.

आमची तयारी करायचे काका. तीस वर्षं याच कामात हात मुरलेला. कापून आलेल्या पट्टीच्या कडा खरखरीत असतात. काका त्या पॉलिश पेपरने घासायचे, लेकीची वेणी घालावी तशा मायेने. माझ्या आधीच्या सगळ्या जणी वीस लाख फेऱ्या टिकल्या. पत्रा पास!

मग एके सकाळी चाचणी बघणाऱ्या ताईंनी टेबलावर चाक धरून ठेवणारा एक भाग ठेवला. कडेपासून तडकलेला.

"काका, हा चालत्या गाडीतला. चालवणारी बाई थोडक्यात वाचली. पत्रा आपणच पास केलेला."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी मला उचललं, सवयीने पेपरही घेतला.

"काका, कारखान्यात या कडा कोण घासतं हो?"

"तिथं कोण घासणार? कापला की सरळ गाडीत..." काका मध्येच थांबले. पेपर खाली ठेवून म्हणाले, "हिला अशीच लावा."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. सगळ्या बहिणी नटूनथटून गेल्या, मी मेली पारोशीच.

तीन लाख फेऱ्यांना माझ्या कडेवर केसाएवढी चीर पडली. चार लाखांना मी तुटले. काकांनी माझे तुकडे हातात घेतले.

"म्हणजे इतकी वर्षं मी खोटंच सांगत होतो?"

"खोटं नाही हो. तुम्ही जरा जास्तच चांगलं काम केलंत."

त्याच दिवशी पत्र्याची मंजुरी मागे घेतली. आता कडा गुळगुळीत केल्याशिवाय तो चाकाजवळ जात नाही.

माझे दोन्ही तुकडे काकांच्या खणात आहेत, पॉलिश पेपरच्या गठ्ठ्यावर. नवी पट्टी आली की त्यांचा हात सवयीने खणात जातो आणि आधी मलाच लागतो.

बोटाला टोचते, माफ करा काका. पण तेवढ्यासाठीच तर तुम्ही मला इथं ठेवलंय.