खोकल्याच्या गोळ्या

बाबांना सगळं पिवळं दिसायला लागलं, तेव्हा घरात आधी त्याची चेष्टाच झाली. आंघोळ करून आले आणि म्हणाले, टॉवेल धुतलेला दिसत नाही. आई म्हणाली, कालच धुतलाय, तुमचे डोळे धुवा. मग त्यांनी दुधाचा कप उजेडात धरून पाहिला, भिंतीकडे पाहिलं. सगळंच पिवळट. जेवणावरची वासना उडाली होतीच. पण खोकल्याने बेजार झालेत, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

धाकटी त्याच दिवशी हॉस्टेलवरून घरी आली होती. डॉक्टरकीचं दुसरं वर्ष, औषधशास्त्राची परीक्षा तोंडावर. ‘पिवळं’ हा शब्द कानावर पडताच तिने पुस्तक बाजूला ठेवलं आणि बाबांची नाडी धरली. दोन ठोक्यांमध्ये इतका वेळ जात होता, की पुढचा येतो की नाही अशी तिला भीती वाटली. बाबा हृदयासाठी रोज डिजॉक्सिनची गोळी घ्यायचे. त्या औषधाच्या गुण येण्याइतक्या आणि विष होण्याइतक्या मात्रेत अंतर फार थोडं. रक्तात ते वाढलं की अन्न नकोसं होतं, नाडी मंदावते, आणि काही जणांना जग पिवळं दिसतं. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, कारण ते दादाने शिकवलं होतं.

दादा म्हणजे थोरला भाऊ. बाजारपेठेत त्याचा स्वतःचा दवाखाना होता. सुट्टीत जेवणाच्या टेबलावर चमचे आणि मीठदाणी मांडून तो तिला औषधं समजावायचा. कोणतं औषध दुसऱ्या कोणत्या औषधाला शरीरातून बाहेर पडू देत नाही, कोण कोणाचा जोर वाढवतं. वर्गात डोक्यावरून गेलेलं त्याच्यासमोर बसलं की पक्कं व्हायचं. बाबांचे हृदयाचे डॉक्टर सोडले, तर या घराने दुसऱ्या डॉक्टरची पायरी चढणंच सोडलं होतं. कुणाला शिंक आली तरी आई त्याला फोन लावायची.

धाकटीनेही त्यालाच फोन लावला आणि टॅक्सी करून बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलं. तोवर ते असंबद्ध बोलायला लागले होते. दादा दारातच भेटला. ईसीजी पाहून तिथल्या डॉक्टर बाईंनी तोच संशय घेतला आणि विचारलं, डिजॉक्सिनबरोबर आणखी काही चालू होतं का? एखादं अँटिबायोटिक वगैरे?

“नाही,” दादा म्हणाला. “गोळ्या आई देते. हल्ली ती विसरते. दोनदा दिली असेल.”

आई मागेच उभी होती. तिने धाकटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. “दिली असेल,” ती हळूच म्हणाली. “मला आठवत नाही ग.”

डिजॉक्सिनला रक्तातच पकडून निकामी करणारं एक इंजेक्शन असतं. ते त्या हॉस्पिटलमध्ये नव्हतं. दादा स्वतः गाडी घेऊन गेला, दोन ठिकाणी फिरला आणि घेऊन आला. इंजेक्शन दिल्यावर मॉनिटरवरची रेघ हळूहळू ताळ्यावर आली. त्या दिवशी धाकटीला तो देवासारखा वाटला.

आई मात्र खचली. मामी भेटायला आली तेव्हा आईने गोळ्यांची डबी पर्समधून काढून तिच्या हातात ठेवली आणि म्हणाली, आता हे कुणीतरी दुसऱ्याने बघा, माझ्या हातून माणूस गेला असता. नातेवाईक समजूत घालायचे, वय झालं की होतं असं. प्रत्येक समजुतीबरोबर ती आणखी मान खाली घालायची. दादा शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवायचा.

बाबा नीट बोलायला लागले तेव्हा धाकटी त्यांना पेज भरवत होती. दोन घास झाले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

“तोंड अजून कडूच आहे. त्या खोकल्याच्या गोळ्यांनी चवच घालवली.”

“कुठल्या गोळ्या?”

बाबांनी सरळ सांगितलं. फिरायला गेले होते, खोकला थांबेना म्हणून दवाखान्यात डोकावले. दादाकडे पेशंटची गर्दी होती. त्याने खणातून एक पाकीट काढून दिलं, सकाळ-संध्याकाळ घ्या म्हणाला. आई उगाच काळजी करत बसेल म्हणून तिला सांगितलं नाही. पाकीट शर्टाच्या खिशातच असायचं. त्यांना नावही आठवत होतं.

धाकटीने चमचा वाटीत ठेवला. त्या नावाचं अँटिबायोटिक डिजॉक्सिनला शरीराबाहेर पडू देत नाही, हे तिला दादानेच शिकवलं होतं. आणि पहिल्या दिवशी बाबांचे कपडे, त्या शर्टासकट, घेऊन घरी तोच गेला होता.

तिने त्याला हॉस्पिटलच्या वाहनतळावर गाठलं. त्याने नाकारलं नाही. तिचा फोन आला तेव्हाच लक्षात आलं, म्हणाला. त्या दिवशी डोक्यात दहा कामं होती, हात सवयीने खणात गेला. चुका सगळ्यांकडून होतात, तूही उद्या डॉक्टर होशील तेव्हा कळेल.

“चूक झाली ते कळलं मला. खोटं का बोललास?”

“उपचार तेच होते ना? बाबा वाचले ना?”

“डॉक्टरांना खरं कळायला हवं होतं. डिजॉक्सिन पुन्हा सुरू झाल्यावर बाबांनी त्या गोळ्या परत घेतल्या असत्या तर?”

“मी घेऊ दिल्या नसत्या.”

“आणि आई?”

त्याने खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या. “आईला कोण काय विचारणार आहे? मला विचारतील. माझा दवाखाना आहे.”

तिला रडू आलं नाही, याचंच तिला नंतर नवल वाटलं. तो ओशाळला असता, हात जोडून गप्प बस म्हणाला असता, तर कदाचित ती विरघळली असती. पण त्याने हिशोब पक्का करून मग आईला पुढे ढकललं होतं. ती वर गेली आणि डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बाबांच्या कागदांवर औषधाचं नाव लिहिलं आणि एवढंच म्हणाल्या, हे आधी कळायला हवं होतं.

मग तिने आईला सांगितलं. आईचा आधी विश्वासच बसेना. आपल्याला वाचवायला ही दोष दादावर ढकलतेय, असं तिला वाटलं. तेवढ्यात दादा खोलीत आला, आणि आईने त्यालाच विचारलं. तो म्हणाला, आपण नंतर बोलू.

“नंतर नको. मी यांना दोनदा गोळी दिली नव्हती, हे तुला माहीत होतं?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“माझ्या शेजारी बसून माझी पाठ थोपटत होतास तू.”

बाबा छताकडे बघत पडून होते.

बाबा घरी आले. डिजॉक्सिनचा डोस कमी झाला. दादावर कुणी तक्रार केली नाही. बाबांनी ती करू दिली नाही. दवाखाना पूर्वीसारखाच चालतो. आईने मामीकडून डबी परत आणली. गोळी हातावर ठेवण्याआधी अजूनही ती बाबांना विचारते, सकाळची झाली ना? आपण दोनदा दिली नव्हती हे तिला कळलंय, तरी हाताला पटलेलं नाही.

महिन्याभराने दादा आला. बाबांना कणकण होती. त्याने बॅग उघडली, तशी आई चहाचा कप त्याच्यासमोर ठेवत म्हणाली, “राहू दे. त्यांना बाहेर दाखवणार आहोत.”

त्याने बॅग बंद केली, चहा प्यायला आणि निघाला. धाकटी दार लावायला गेली. त्याने जिन्यावर थांबून परीक्षा कशी गेली विचारलं. बरी गेली, ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.