सर्व्हर कुणी कमी केले

मी फटकळ आहे हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे. पण मास्तरपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा इंजिनियर. हे काम मला त्याने शिकवलं, म्हणून मी त्याला मास्तर म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणायला लागले. वयाने बराच मोठा, पण अहो-जाहो चालायचं नाही त्याला. "अहो म्हणालीस की माझे गुडघे दुखायला लागतात," म्हणायचा.

आमचं काम सांगायला सोपं आहे. वेबसाइटवर गर्दी वाढली की सर्व्हर वाढवायचे, ओसरली की कमी करायचे. दुकानात रांग लांबली की मालक आणखी एक काउंटर उघडतो, तसंच. हे आपोआप होतं, पण यंत्राला गर्दी कळेपर्यंत निम्मे लोक वैतागून गेलेले असतात. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. 'वाढवा' आणि 'कमी करा' अशा दोन पॉलिसी, म्हणजे यंत्राला द्यायचे ठरलेले हुकूम, आणि आपल्याला हवी ती हव्या त्या वेळी कोडमधून चालवायची. एक चालली की थोडा वेळ दुसरी चालत नाही. याला कूलडाउन म्हणतात. आधीचा बदल नीट लागू होण्याआधी कुणी घाई करू नये, एवढाच त्याचा हेतू. कोडमध्ये मुद्दाम एक ओळ घातली तर कूलडाउन धुडकावता येतो, पण ती ओळ घालायची नाही, हे मास्तरने मला पहिल्याच आठवड्यात दटावून सांगितलं होतं. मी ते वेदवाक्य मानलं.

त्या दिवशी आमच्याकडे वृद्धांच्या केंद्राची नोंदणी होती. सकाळी म्हाताऱ्या माणसांना तिथे सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. जागा मोजक्या, मागणारे हजारो. ज्याचा फॉर्म आधी, त्याला जागा. नाही मिळाली तर वर्षभर बोलायचं नाही.

मला ती जागा हवी होती. माझ्या बाबांना आता घर आठवत नाही. दार उघडं दिसलं की चालायला लागतात. म्हणून मी रोज बाहेरून कुलूप लावून कामाला येते. जन्मदात्याला कोंडून येते आणि इथे बसून लोकांच्या वेबसाइटी उघड्या राहाव्यात म्हणून धडपडते! हे मी फक्त मास्तरला सांगितलं होतं, कारण त्याच्या घरीही तेच. त्याच्या आईचं डोकं तल्लख आहे, पण कंबर मोडल्यापासून दिवसभर एका खुर्चीत, कुणी हात धरल्याशिवाय उठता येत नाही. मी त्यांना काकू म्हणते, त्या मला लेकी म्हणतात.

आम्ही दोघांनी ठरवलं होतं, मागच्या दाराने घुसायचं नाही. सगळ्यांसारखा फॉर्म भरायचा. माझा फॉर्म माझा भाऊ त्याच्या घरून भरणार होता, मास्तर आपला मोबाइलवर. मास्तर म्हणाला, "मिळाली तर दोघांना, नाही तर कुणालाच नाही." मी हसले. मला त्या वाक्याने इतकं बरं वाटलं होतं, की आता आठवलं तरी अंगाची लाहीलाही होते.

नोंदणी सुरू व्हायच्या आधीच मी 'वाढवा' चालवलं. सर्व्हर वाढले. नोंदणी सुरू झाली, फॉर्म भराभरा यायला लागले. आणि एकदम सगळं अडकलं. भावाचा फोन. "अगं, नुसतं गोल गोल फिरतंय! काय करता काय तुम्ही लोक?"

मी स्क्रीनवर पाहिलं आणि तोंडचं पाणीच पळालं. सर्व्हर कमी झाले होते; आधी आत शिरलेल्यांचे फॉर्म चालू होते, नवे सगळे बाहेर अडकले होते. मी पुन्हा 'वाढवा' चालवलं. उत्तर आलं, कूलडाउन चालू आहे, थांबा. माझी बोटं ती नको म्हटलेली ओळ लिहायला गेली. मास्तर माझ्या मागेच उभा होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नको. घाई करू नकोस. सगळंच कोसळेल."

आणि मी ऐकलं. मूर्खासारखं ऐकलं! कूलडाउन संपून सर्व्हर परत उभे राहिले, तोवर जे आधीच आत होते त्यांनी जागा भरून टाकल्या होत्या. भाऊ बाहेरच राहिला.

दुपारी जेवायला न जाता मी नोंदी उघडून बसले. कोणती पॉलिसी कुणी चालवली, हे सगळं त्यात उमटतं. 'कमी करा' चालवली गेली होती. कूलडाउन धुडकावून. माझ्या नावाच्या पासवर्डने. आणि मशीनचा पत्ता शेजारच्या टेबलाचा.

माझा पासवर्ड त्याच्याकडे आला कसा? मीच दिला होता. मागच्या महिन्यात बाबा निसटून गेले, तेव्हा मी हातातलं काम टाकून पळाले होते. राहिलेलं तू पुरं कर म्हणून पासवर्ड त्याला देऊन गेले होते.

मी त्याला जिन्यात गाठलं. "मास्तर, तू सर्व्हर कमी केलेस."

"चुकून झालं असेल गं. बोट लागलं असेल."

"बोट लागून कूलडाउन धुडकावला जातो? ती ओळ हाताने लिहावी लागते. तूच शिकवलंस ना मला?"

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "आईचा फॉर्म अर्धा भरून झाला होता आणि जागा डोळ्यांदेखत संपत होत्या. म्हटलं, थोडा वेळ नवे लोक आत आले नाहीत तर माझं होऊन जाईल. तुझा भाऊ आत पोचला असेल असं वाटलं मला."

"वाटलं? विचारायचं तरी होतंस!"

"तू माझ्या जागी असतीस तर..."

"मी तुझ्याच जागी होते रे! तुझ्या शेजारी बसले होते. दोन्ही पॉलिसी माझ्या हातात होत्या. मी नाही केलं." माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "केसाने गळा कापलास तू माझा."

तेवढ्यात आम्हा दोघांना साहेबांचं बोलावणं आलं. साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ. त्यांच्या केबिनमध्ये नोंदीतलं फक्त नाव पोचलं होतं, माझं. ते म्हणाले, "हे चुकून झालं असेल तर जागा मिळालेल्यांची यादी कायम राहील आणि ज्याची चूक त्याच्यावर कारवाई होईल. कुणी जाणूनबुजून केलं असेल, तर यादी रद्द करून नोंदणी पुन्हा घ्यावी लागेल. बोला."

मी मास्तरकडे पाहिलं. मला अजूनही खात्री होती की हा बोलेल. देवाशपथ खात्री होती.

तो बोलला. "साहेब, तिच्या घरी फार अडचण आहे. वडिलांना कोंडून येते बिचारी. हल्ली लक्ष लागत नाही तिचं. सांभाळून घ्या."

जिची जीभ आवरता आवरत नाही असं सगळे म्हणतात, तिच्या तोंडून एक अक्षर फुटेना. जे मी आपलं माणूस म्हणून त्याच्यापाशी रडत सांगितलं होतं, ते त्याने टेबलावर मांडलं, आणि तेही दयेने! चोर तो चोर, वर शिरजोर. साहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. सकाळपर्यंत लेखी खुलासा द्या, म्हणाले.

घरी आले, कुलूप काढलं. बाबा दाराशीच उभे होते. दिवसभर दार ओढून ओढून त्यांचे तळवे लाल झाले होते. "कोण पाहिजे तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांचे हात पाण्यात धरले, तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा.

"लेकी, जागा मिळाली बरं का! आणि तुझ्या बाबांनाही मिळाली ना? हा म्हणाला, दोघांनाही मिळाली. मी म्हटलं, बरं झालं बाई, सोबत झाली."

खोटं बोलणं जिवावर आलं होतं. मी सगळं सांगितलं. सर्व्हर, पासवर्ड, साहेबांसमोरचं वाक्य. या बाईला मी कितीदा हाताला धरून चालवलं होतं. ती आपल्या मुलाला शिव्या घालेल, निदान रडेल, असं वाटलं होतं मला.

काकू हळूच म्हणाल्या, "झालं ते झालं गं. पण हे साहेबांना सांगू नकोस हं, बाळा. माझी जागा जाईल."

"बरं, ठेवते," म्हणाले आणि फोन बंद केला. बाबांचे हात पुसले, त्यांना खुर्चीत बसवलं. लॅपटॉप उघडून खुलासा लिहिला. मशीनचा पत्ता लिहिला, धुडकावलेला कूलडाउन लिहिला, आणि हे जाणूनबुजून केलेलं आहे, असं स्पष्ट लिहिलं. मास्तर हा शब्द कुठेच वापरला नाही. त्याचं खरं, पूर्ण नाव लिहिलं आणि सकाळची वाट न पाहता पाठवून दिलं.