कावळ्याचं पान

थळच्या कोळीवाड्यात नेपाळहून आलेल्या प्रत्येक बाप्याचं नाव बहादूर. मग तो लाट पाहून डोळे मिटून घेणारा का असेना. देवकलाचा नवरा तर खरोखरच दलबहादूर होता, त्यामुळे त्याचं निदान अर्धं नाव शाबूत राहिलं. देवकलाला मात्र नावच उरलं नाही. ती बहादूरची बायको. तिची सात वर्षांची कमला शाळेत गेली आणि आठवड्याच्या आत कमळ झाली. धाकट्या बिरूला अजून धड बोलता येत नव्हतं, पण जे काही बोबडं बोलायचा ते कोळीच बोलायचा.

दोन डोंगर ओलांडल्याशिवाय बाजार दिसत नाही अशा गावातून ती आली होती. तिकडची म्हातारी माणसं हिंदुस्थानाला मुगलान म्हणतात, आणि मुगलानात गेलेल्या पुरुषाची वाट पाहणं हे तिथल्या बायकांचं वडिलोपार्जित काम. देवकलानंही ते इमानेइतबारे केलं. मग यंदा दलबहादूर म्हणाला, पोरं बापाला ओळखेनाशी झालीत, आता सगळेच तिकडे जाऊ. तो आवडाबाईच्या बोटीवर खलाशी होता. आवडाबाईनं जाळी ठेवायच्या खोपीला लागून असलेली एक खोली त्यांना दिली आणि देवकलाला बोंबील वाळवायच्या कामावर घेतलं. पण बोट एकदा दर्यात गेली की दिवसच्या दिवस परतायची नाही. म्हणजे एवढा देश ओलांडून देवकला पुन्हा वाटच बघत बसली. फक्त आता समोर डोंगराऐवजी पाणी होतं, आणि वाट बघताना बोलायला कुणी नव्हतं.

दिवसभर ती बांबूच्या वलांडीवर बोंबील अडकवायची, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा. बाजूला किशोरी आणि इतर बायका बोलत, हसत. देवकलाला वाटे, आपल्यालाच हसतात. बहुतेक वेळा तसं नसे. पण बोलणं कळेनासं झालं की जगातलं सगळं हसू आपल्यावरच आहे असं माणसाला वाटू लागतं. संध्याकाळी ती लेकीशी आपल्या भाषेत पोटभर बोलायची. एकदा कमला तिला म्हणाली, "आये, पोरांच्या म्होरं तसा नको बोलू." त्या दिवसापासून देवकला पोरांशीही बेताचंच बोलू लागली. तिला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायचं तर ज्या भाषेत सांगता येईल ती ऐकणारा माणूस दर्यात होता.

आवडाबाई वाईट नव्हती. तोंडानं फाटकी, पण हातानं सढळ. तिचा नवरा बुधाजी बऱ्याच वर्षांपूर्वी दर्यात गेला तो गेलाच, अंगावरचा कपडासुद्धा मिळाला नाही. तिनं रडणं आवरलं, बोट सांभाळली, निकेतला वाढवला. आता निकेत त्याच बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हाताखाली चालायची. तो दर्यात असला की आवडाबाई दिवसातून कितीदा तरी खांदेरी बेटाच्या दिशेनं बघायची आणि कुणी पाहिलं तर आपण पाऊस-वारा बघतोय असं दाखवायची.

दिवाळी आली. बोट नरकचतुर्दशीपर्यंत परतणार होती. धनत्रयोदशीच्या सकाळी देवकलाला राहवेना. तिच्या गावात हा कावळ्याचा दिवस. दुसरा दिवस कुत्र्याचा, त्यानंतर गाईचा. कावळा यमाचा निरोप्या, म्हणून वर्षातून एकदा त्याला आधी जेवू घालायचं, दारी वाईट खबर आणू नकोस असं सांगायचं, मग घरच्यांनी खायचं. ज्या वर्षी आपला माणूस पाण्यावर आहे, त्या वर्षी हे चुकवायचं कसं? तिनं भात शिजवला, केळीच्या पानावर वाढला, वर दही घातलं, पान खोपीपुढच्या ओट्यावर ठेवलं आणि हात जोडून कावळ्यांना हाक मारली.

आता कोळीवाड्यात दारात कावळ्यासाठी पान कधी ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण?

आवडाबाई तेल-उटण्याचं सामान घेऊन समोरून येत होती. तिनं पान पाहिलं आणि हातातली पिशवी तिथंच टाकली.

"कोन मेलाय गो?" तिनं विचारलं. आवाज मोठा नव्हता, म्हणूनच देवकला घाबरली. "माजा पोर दर्यान हाय, आनि तू माज्या दारान कावल्याला पान ठेवतेस?"

देवकलानं समजावायचा प्रयत्न केला. हिंदी, नेपाळी, चार शब्द मराठी, सगळ्याची खिचडी झाली. कमला किनाऱ्यावर पोरांत होती. नेमकी हवी तेव्हा दुभाषी खेळायला गेलेली. त्या सगळ्या खिचडीतून आवडाबाईला एकच शब्द लख्ख कळला, तो म्हणजे यम. तिनं पायानं पान उडवलं, भात मातीत गेला. उद्यापासून वलांडीवर पाय ठेवू नकोस, असं तिनं हातानंच सांगितलं.

दुपारी वारा फिरला. बंदरावर धोक्याचा बावटा लागला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं शहाणी माणसं म्हणतात, पण ज्याचं माणूस झाडावर आहे त्यानं शहाणपण आणायचं कुठून? नळावर देवकला गेली तशा बायका गप्प झाल्या. किशोरीनं आपला हंडा अर्धवट भरलेलाच उचलला. इतके दिवस त्यांचं बोलणं कळत नाही म्हणून देवकला झुरत होती. त्यांचं गप्प राहणं मात्र तिला शब्दन्शब्द कळलं. आणि खरं सांगायचं तर तिलाही भीती वाटू लागली. कावळ्याला पान वाढलं ते ठीक, पण त्याच्या तोंडचा घास लाथाडला गेला होता. उपाशी गेलेला निरोप्या काय खबर आणेल?

दुसऱ्या दिवशी घरोघरी पोरांनी अंघोळी करून पायानं कारेटं फोडली. दर्यातल्या बोटी एकेक करून आल्या. आवडाबाईची बोट आली नाही. वायरलेसवर कुणी उत्तर देत नव्हतं. आलेल्या खलाशांना विचारलं तर ते पायांकडे बघत म्हणत, येल, येल. देवकला खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. तिला विचारायला कुणी आलं नाही, आणि ती कुणाला विचारायला गेली नाही.

आज कुत्र्याचा दिवस होता. आईनं या वर्षी नाव काढलं नाही, पण पोरं सण विसरतात होय? कमलानं तोरणातून उरलेली झेंडूची फुलं ओवली, आवडाबाईच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्यात माळ घातली आणि कपाळाला कुंकू लावलं. कुत्रं तसंच नटून मालकिणीपुढे जाऊन बसलं. दिवसभर अन्नाला न शिवलेली आवडाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पोरीला हाक मारली आणि हे काय म्हणून विचारलं.

कमलानं सगळं सांगितलं, थेट कोळीवाड्याच्या बोलीत. काल कावळ्याचा दिवस होता, आज कुत्र्याचा. कावळा यमाकडची खबर आणतो, म्हणून त्याचं पोट भरायचं. "प्वाट भरला का तो वायट खबर घेऊन येत न्हाय," ती म्हणाली. "आयनी बाबासाटी ठेवला व्हता. निकेतदादासाटी पन."

आवडाबाई उठून आत गेली. थोड्या वेळानं ती देवकलाच्या दारात उभी राहिली. हातात केळीचं पान, पानावर भात, भातावर दही. ते तिनं ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "बोलव त्याला."

देवकलानं खुणेनं सांगितलं, दिवस तर काल गेला.

"दिस गेला तरी कावल्याची भूक जाते काय?" आवडाबाई म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात टेकत तिच्याजवळ खाली बसली.

देवकलानं हाक मारली. कावळा कौलावर येऊन बसला आणि मान वाकडी करून दोघींकडे बघू लागला. आवडाबाई बोलत होती, कमला मधूनमधून आईला सांगत होती. बुधाजीसाठी दर्याच्या कडेला पान ठेवलं, दिवस बुडेपर्यंत कावळा शिवला नाही. काय इच्छा राहिली होती त्याची, सगळं कबूल केलं, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून दारात कावळा बसला की दगड मारून उठवते.

कावळा ओट्यावर उतरला. आवडाबाईनं देवकलाचं मनगट धरलं, आणि धरलं ते असं की बांगडी रुतली. एकीला वाटत होतं तो जेवावा, दुसरीचा सगळा जन्म सांगत होता की तो जेवू नये. कावळ्याला दोघींचं काहीच नव्हतं. त्यानं चोच घातली आणि खाऊ लागला.

"ह्यो चांगला का वायट?" आवडाबाईनं विचारलं.

"चांगला," देवकला म्हणाली. "चांगला, बाई."

आवडाबाई रडू लागली. निकेतसाठी की बुधाजीसाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. देवकलाही रडली. कोळीवाड्यात आल्यापासून कुणाच्या देखत ती पहिल्यांदाच रडत होती.

उन्हं उतरता उतरता फोन आला. पंख्यात जाळं अडकून बोट बंद पडली होती, वायरलेसही गेला होता. दुसऱ्या बोटीनं ओढत दिघीच्या खाडीत आणली. सगळे धड होते. आवडाबाईनं निकेतला आधी भरपूर शिव्या दिल्या, मग फोन देवकलापुढे धरला.

दलबहादूर आपल्या भाषेत भराभर बोलत होता. पोरं कशी आहेत, जेवलात का, भ्यायलीस का. मग त्यानं विचारलं, एकटीच आहेस का गं तिथं? तीच भाषा, जी ऐकायला ती इतके दिवस आसुसली होती. देवकलानं वळून पाहिलं. आवडाबाई ओट्यावरून रिकामं पान उचलत होती, कमला आणि बिरू माळ घातलेल्या कुत्र्यामागे पळत होते.

"न्हाय," ती म्हणाली.

 हा शब्द दलबहादूर बोटीवर दिवसभर ऐकायचा, पण बायकोच्या तोंडून त्यानं तो कधीच ऐकला नव्हता.